त्सुकुदासाठी ठेवलेलं कार्ड

…आणि वर मला म्हणते, ‘इसोबे-सान, हे कासव काढा.’ काढा! जसा काही तांदळातला खडा! अहो, अठरा वर्षांचा होतो तेव्हापासून ते कासव माझ्या डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या कार्डांच्या गठ्ठ्यात आहे, माझं लग्न नंतर झालं, कासव आधी आलं. पण हाझुकीला त्याचं काय! ती चोवीस वर्षांची. आमच्या ताकामात्सुच्या बाजारपेठेत चष्म्याच्या दुकानावर कार्डांचं दुकान आहे, तिथं गल्ल्यावर बसते, आणि खेळते अशी की समोरच्यानं कार्ड उचलायच्या आत तिला कळतं ते कुठलं आहे. आता अशा मुलीकडे आपण होऊन गेलो, ‘माझा जुना डेक जरा सुधारून दे’ म्हणालो, तर चूक कुणाची? माझीच की!

तुम्हाला सांगतो, मला मुळात डेक सुधारायचाच नव्हता. सतरा वर्षं कपाटात बिस्किटांच्या डब्यात सुखानं पडला होता. पण जुलैत त्सुकुदाचा निरोप आला. त्सुकुदा म्हणजे माझा मित्र… म्हणजे तेव्हा दुसरा कुणी नव्हताच. आठ वर्षं, दर रविवारी, त्याच दुकानात, खिडकीकडच्या टेबलावर आम्ही दोघं समोरासमोर. दुपारी खाली जाऊन उभ्या उभ्या उदोन, त्या आमच्या जाड शेवया, ओरपायचो आणि परत वर. मग तो नोकरीसाठी सेंदाईला गेला, लग्न झालं, मुलं झाली, आणि उरलं काय? नववर्षाचं पोस्टकार्ड! सतरा पोस्टकार्डं, सतराच्या सतरांवर एकच वाक्य, ‘यंदा तरी खेळू.’ ते लिहायचं असतं म्हणून लिहितात असंच मी धरून चाललो होतो. आणि यंदा हा पठ्ठ्या विचारतो, ओबोनच्या सणाला गावी येतोय, दुकानात स्पर्धा आहे म्हणे, नाव घालतोय, तुझा डेक आहे ना अजून? आणि खाली, ‘मी माझा सुधारतोय.’

झालं! तो सुधारणार आणि मी काय डबा घेऊन जाऊ?

तर साठ कार्डांचा डेक. एकोणसाठ चालत नाही, एकसष्ट चालत नाही. साठ म्हणजे साठ, एक घालायचं तर एक काढायचं. घालायला हो काय लागतं? दुकान भरलंय. काढायचं कुठलं! माझ्या कासवावर काय लिहिलंय माहितीये? ‘हल्ला अडवतो.’ बस, दोन शब्द. आणि हल्लीची कार्डं बघा, भाड्याच्या घराचा करारनामा परवडला! चष्मा लावून वाचावं लागतं, आणि वाचून होईतो समोरचा जिंकलेला असतो. तरी घेतलं. कासव काढलं, नवं घातलं. मग दलदल काढली. मग म्हातारा नावाडी. तो पावसात भिजून फुगलाय, त्या दिवशी छत्री एकच होती आणि आम्ही डेक दोन धरले होते छत्रीखाली, आम्ही दोघं बाहेर. हाझुकीनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, फुगलेलं कार्ड पिसताना बोटांना कळतं, पंच हरकत घेतील. पंच घेतील हो! मला नाही का कळत होतं बोटांना? सतरा वर्षांनी अंधारात सांगितलं असतं मी, हा नावाडी. पण साठ म्हणजे साठ, एक घालायचं तर एक काढायचं… काढला.

बायको म्हणजे चिझुरू, ती रोज रात्रीच्या जेवणाला विचारायची, आज कोण गेलं? मी म्हणायचो, नावाडी गेला. मग ती गंभीर चेहरा करून हात जोडायची आणि मासा वाढायची. थट्टा सुचते लोकांना.

असं करत करत आलो ‘मोठ्या भरती’वर. हे कार्ड नीट समजून घ्या. समोरच्याचे पाच किंवा जास्त प्राणी मांडलेले असतील तर भरती येते आणि सगळे वाहून जातात. चार असतील तर काही नाही, पायसुद्धा ओले होत नाहीत. आता हल्ली पाच-पाच प्राणी मांडतं कोण? हल्ली एकच आणतात, डोंगराएवढा, आणि त्यानंच सगळं आटोपतात. हाझुकीबरोबर सरावाचे तीस डाव खेळलो, तिसाच्या तीस वेळा भरती माझ्या हातात नुसती बसून. शेवटी तिनं ते कार्ड टेबलावर ठेवलं.

“इसोबे-सान, हे कुणाविरुद्ध आहे?”

“त्सुकुदाविरुद्ध.”

“हा कुठला डेक? मी ऐकला नाही.”

“डेक नाही, माणूस आहे.”

तिनं कार्ड उलटून पाहिलं. मग म्हणाली, “एका माणसासाठी कुणी कार्ड ठेवतं का?”

आता तिला काय सांगू? त्सुकुदाचा डेक गांधीलमाशांचा. बारक्या बारक्या माशा, एक मांडली, दोन मांडल्या, बघता बघता सात, आणि मग सगळ्या मिळून तुम्हाला फोडून काढतात. आठ वर्षांत त्याला मी जितक्या वेळा हरवलं, आणि फार नाही हो हरवलं, त्या प्रत्येक वेळी भरतीनं. बाकी जगात त्या कार्डाचा शून्य उपयोग. पण तेव्हा खेळायला माझ्याकडे एकच माणूस होता, त्याला मी काय करणार?

तरी काढलं. हो, काढलं! स्पर्धेत सोळाजण, त्यातला त्सुकुदा एक. आणि तो म्हणालाच होता ना, सुधारतोय म्हणून. मग कुठल्या माशा नि कुठलं काय, तोही डोंगर घेऊन येणार. साठ म्हणजे साठ… घरी येताना उगाचच वाईट वाटत होतं, कुणाला तरी न सांगता आल्यासारखं.

ओबोनचा दिवस. पहिली फेरी मी जिंकलो, समोरचा वेळेवर आला नाही म्हणून का होईना, जिंकलो. दुसऱ्या फेरीत समोर त्सुकुदा. केस अर्धे गेलेले, पोट आलेलं, पण बसला तसाच, एक पाय खुर्चीवर घेऊन. बायकामुलांची चौकशी वगैरे काही नाही. “पिस,” म्हणाला. पिसलं. आणि पहिलंच कार्ड टाकलं त्यानं… गांधीलमाशी!

नवी होती हो! नवं चित्र, खाली करारनामा, पण माशीच. याचं सुधारणं म्हणजे जुन्या माशा काढून नव्या माशा घालणं! दुसरी माशी. तिसरी. चौथी. मी मनात म्हटलं, संपलं, आता पाचवी, सहावी, आणि चला घरी.

पण तो थांबला.

चारवर. पुढच्या पाळीला त्यानं कार्ड उचललं, हातात धरलं, माझ्या हातातल्या कार्डांकडे पाहिलं, आणि ठेवून दिलं. त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच. हातात कार्डांची जुडी झाली तरी हा पाचवी मांडत नाही! मला कळेना, हा असा का खेळतोय… आणि मग कळलं. भरतीला भितोय! सतरा वर्षं झाली, दोन मुलं झाली, केस गेले, आणि हा माणूस चार माशांवर थांबून मला भितोय. डोळे भरून आले हो माझे, खोटं कशाला बोलू. आणि भरती कुठं? घरी, बिस्किटांच्या डब्यात.

सांगायला हवं होतं का? हवं होतं. सांगितलं का? अहो, जिंकत होतो मी! त्या चार माशांना पुरून उरलो, आणि जिंकलो.

आता आमची रीत अशी, डाव संपला की वाकून नमस्कार, आणि हरलेला विचारतो, दाखव काय होतं ते. त्सुकुदानं हात पुढे केला.

“भरती कितव्या पाळीला आली हातात?”

“आलीच नाही,” मी म्हणालो, “गठ्ठ्यात खालीच राहिली असेल,” आणि घाईघाईनं सगळी कार्डं पिसून टाकली.

तो हसला. “मला माहीत होतं. तू सगळं बदलशील, पण ते नाही काढायचास.”

पुढच्या फेरीत एका शाळकरी मुलीनं सहा मिनिटांत मला गुंडाळलं, ते बरंच झालं. उदोन मी खाऊ घातला त्याला, वर कोळंबीची भजी, दोन. तो म्हणतोय, अरे जिंकलेला कशाला देतो? मी म्हटलं, खा गपचूप.

आणि काल सेंदाईहून त्याचा निरोप. म्हणे, तुझ्या भरतीवर तोड म्हणून एक कार्ड घातलंय, त्यासाठी चांगली माशी काढावी लागली, नववर्षाच्या सुट्टीत येतोय, तयार राहा. आता घ्या! माझ्याकडे नसलेल्या कार्डापायी हा तिकडे स्वतःचा डेक बिघडवून बसलाय!

रात्रभर विचार केला. सकाळी डबा उघडला आणि घातली भरती परत. हाझुकी कपाळाला हात लावेल, आणि ती तोड आल्यावर मी हरणार, हेही ठरलेलं. पण तो माणूस अजून मला भितो हो… मग भिण्यासारखं काहीतरी नको का माझ्याकडे?