आठाचे चार

मुलगी : आई, परत डोळे मिटलेस.

आई : मी नाही मिटले, ते मिटले. जाऊ दे, शाळेच्या ओळखपत्रावरचाच फोटो देऊन टाकू.

मुलगी : त्यात तू ‘हरवली आहे’च्या जाहिरातीतली दिसतेस. कायमचा लागणार आहे तो, सगळ्या माजी मुख्याध्यापकांच्या रांगेत.

आई : फोटोग्राफरशी तीस वर्षं संसार केला, पण माझा एक धड फोटो नाही. आता शेवटचा एकच. बिघडला तर ओळखपत्रावरचा.

बाबा : ऐकलंस? एकच. फ्लॅश ऑटोवर का नाही टाकत?

मुलगी : ऑटोवर ते आईची पांढरी साडी बघून बिचकतात, काळोख करतात. तिन्ही फ्लॅशनी किती उजेड द्यायचा ते मीच ठरवलंय. मागचा आणि बाजूचा ठीक आहेत. समोरचा भडक वाटतोय, तेवढा निम्मा करा.

बाबा : आमच्या वेळी दिवा दोन पावलं मागे ओढला की काम झालं. हं, केला निम्मा.

मुलगी : आई, ही नुसती चाचणी, मोजायची नाही.

(तिन्ही फ्लॅश चमकतात.)

मुलगी : अगं बाई! चेहरा चुना फासल्यासारखा. बाबा, कितीवर ठेवलात?

बाबा : एक छेद आठ होता. आठाचे चार केले. निम्मे!

आई : अहो! छेद निम्मा केलात तुम्ही! उजेड दुप्पट झाला!

बाबा : चार लहान की आठ?

आई : एक कलिंगड चौघांत वाटलं तर फोड मोठी, की आठ जणांत?

बाबा : चौघांत.

आई : मग छेद लहान केला तर?

बाबा : फोड मोठी... अच्छा! म्हणजे मला सोळा करायला हवे होते. हे घे, केले.

आई : शाब्बास! आता सांगा, एक छेद बत्तीस म्हणजे...

(फ्लॅश चमकतात.)

आई : अगं, मी बोलत होते! संपला ना तो एकच!

मुलगी : बघ तर खरं.

आई : ...डोळे उघडे आहेत.

मुलगी : टक्क.

आई : बोट काय उगारलंय! वर्गात अशी दिसते होय मी?

बाबा : मला काय ठाऊक? तुझ्या वर्गात मी कधी आलोच नाही.

आई : हाच द्या.