चेपलेला पाइप

हसा तुमी, पण त्या दिवशी त्या पाइपावर बसायची गावात दुसऱ्या कुणाची हिंमत झाली न्हाई.

तेलगाव रोडला गावाच्या पाण्याचा लोखंडी पाइप हाय, आपण रोज ज्याच्यावर गप्पा हाणत बसतो, त्याला उसाच्या ट्रॉलीनं धडक दिलती. लई चेपला, पण थेंबभर गळत नव्हता. तपासायला बीडहून इंजिनियर पोरगी आली. तिनं हात फिरवला, मशीन लावलं अन् म्हणली, "नुसता चेपला असता तर चाललं असतं, पण चेपलेल्या जागीच लोखंड खरवडून चर पडलाय. दाबानं कधीही फुटेल. पाणी बंद करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी भावकीतल्या भीमाच्या लेकीचं लगीन. म्या म्हणलं, "परवा बंद कर."

"टँकर मागवते, आजोबा."

"टँकरवाल्याचा काय भरवसा? गळत न्हाई तर बंद कावून?" असं म्हणून म्या चेपलेल्या जागेशेजारीच जाऊन बसलो. "बघ, काय होतंय का!"

तिनं लई समजावलं. म्या हालतोय व्हय? शेवटी ती गपचिप आली अन् माझ्याच शेजारी बसली.

म्या वराडलो, "तू कावून बसतीस? ऊठ! फुटला म्हंजी?"

"तुम्हीच म्हणता ना, काही होत नाही?"

"माझ्या गवऱ्या मसणात गेल्या. तुला आईबाप हायत!"

"तुम्ही उठा, मी उठते."

काय करता? उठलो.

"आता बंद करू?" तिनं इचारलं.

"कर बये," म्या म्हणलं, "पण आदी तू लांब सरक."