उपासाचं खाल्लेलं

ये, अशी पुढं ये बाय. उंबऱ्यावर बसून कुणी कुणाचं ऐकतं व्हय? तीन वर्सांनी तोंड दाखवलंस, चा बी घेत न्हाईस अन् आल्या आल्या वही उघडतीस, मी काय कचेरीत जबाब द्यायला बसलीया? ह्या गोणपाटावर बस. अजून जवळ सर, मला आता लांबचं बोलायला दम पुरत न्हाई. अन् मी सांगंल ते सांगंल तसं लिव, मधीच शानपण करू नगंस.

माजं मूळ हितलंच. मेढ्याच्या वरल्या अंगाला ही आमची वाडी, उताराची रानं, नाचणी अन् वरी एवढंच पिकायचं, भात म्हंजे सणाला. अंगानं मी शेळीवानी. आई म्हणायची, यमुनाला वारा उडवून न्हील. वाऱ्यानं न्हाई नेली, वाळव्याच्या बाजूला कृष्णाकाठी ऊसवाल्यांच्या घरात नेली. नवरा लष्करात हुता म्हणून बाबांना लय अभिमान. तिथं काय कमी हुतं? दोन वक्ताला भात, दुधाची घागर, घरचं गुऱ्हाळ. काहिलीतली काकवी वाटीनं प्यायची, गरम गूळ भाकरीवर घ्यायचा. दोन वर्सांत मी अशी भरले, का माहेरी आले तर कुत्रं भुंकलं.

मग एक बाळ पोटातच गेलं. त्येच्यानंतर दिवस गेलं न्हाईत. हे रजेवर यायचं म्हैना-दोन म्हैनं, मग परत जायचं. त्यात लढाई सुरू झाली अन् हे लांबच्या मुलखात गेलं ते चार वर्सं आलंच न्हाईत. मी घरात बसून वाढतीया. लोकांना दाणा मिळंना, सरकारी मापानं ज्वारी वाटत हुते, अन् मी पाण्याला निघाले की बायका म्हणायच्या, महागाई हिच्या घरी गेली न्हाई वाटतं.

आमच्या गुऱ्हाळावर एक रीत हुती. हंगाम संपला, की गुळाचा मोठा काटा उतरवायच्या आधी त्याला नारळ फोडायचा, अन् घरच्या बायका-पोरांनी हौसेनं पारड्यात बसून जोखून घ्यायचं. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. लगीन झालं तवा मी दीड ढेप भरले हुते. त्या वर्सी दोन ढेपी घातल्या तरी माजं पारडं भुईला. तिसरी फोडून तिचा मोठा तुकडा ठेवला तवा काटा उभा ऱ्हायला. गडीमाणसं हसली. मी बी हसले. आत्याबाई, म्हंजे माजी सासू, हसल्या न्हाईत.

घरी आल्यावर त्येनी मला देवापुढं बसवलं. म्हणाल्या, ढमाल्या बाईला पोर हुत न्हाई असं समदी म्हणत्यात, मला दुसरी सून आणायला सांगत्यात. मी तुला येक हंगाम देते. फुडल्या नारळाला तू दोन ढेपींवर आलीस तर ह्या घरात सवत येणार न्हाई. अन् शपथ म्हणून त्येनी देवाचा भंडारा उचलला. मी त्यांच्या पाया पडले. काय सांगू तुला, मला ते लय सोपं वाटलं. अंगावर चढलंय ते उतरवायचं, एवढंच की.

माजी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणायची, ती म्हणाली साताऱ्याला लष्करातनं आलेला डाक्टर हाय, चल. आक्का चार बुकं शिकलेली, बोलायला धीट. माजा तिच्यावर जीव हुता बघ. बाळ गेलं तवा सव्वा म्हैना तिनं मला ऊठ म्हणून दिलं नव्हतं. तर मोटारीनं गेलो. डाक्टरनं मला तपासलं अन् भाईर बाकड्यावर बसवलं. बाईमाणसाच्या अंगाचं थोरल्या बाईला सांगायचं, तिनं मग धाकटीला सांगायचं, असंच हुतं तवा. आक्का आत लय येळ हुती. भाईर आली अन् म्हणाली, यमे, भाकरी बंद, भात बंद, गूळसाखर बंद. अंडी खा, भाजीपाला खा, मटण-मासळी, वशाट खा, ताक पी, पोटभर खा. एवढंच, मी इचारलं. एवढंच, ती म्हणाली.

आता ऊसवाल्याच्या घरात राहून गूळ खायाचा न्हाई. मी भाकऱ्या थापायची पस्तीस-चाळीस, अन् स्वतःच्या ताटात मेथी, वांगं, सुकट, दोन अंडी. भाकरीचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं. पहिलं आठ दिवस डोकं गरगरलं, हातपाय गळले. मग मात्र भूकच कमी झाली, खरं सांगते. आत्याबाई कुरकुरायच्या, हवालदारीणबाई अंडी खात्यात, कोंबड्यांनी आता खुराड्याला कुलूप घालावं. पण दोन म्हैन्यांत चोळ्या ढिल्या झाल्या. बांगड्या हातातनं निसटाय लागल्या.

ते आक्कानं बघितलं. येक दिवस माज्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, नुसतं अंग उतरवून पोर हुतंय व्हय, देवाला नगं का काही? सोमवार धर, गुरुवार धर, चतुर्थी, एकादशी, समदं धर. मला पटलं. आता उपासाला काय करायचं, तर रताळी उकडायची, वरीचा भात, त्यावर दाण्याची आमटी, केळी, दूध. राजगिऱ्याचं लाडू आक्का स्वतः वळायची, गुळाचं. मी म्हणलं, आक्का, गूळ बंद हाय ना मला? ती म्हणाली, खुळी काय, उपासाचं पोटात गेलं तर त्याला खाल्लं म्हणत्यात व्हय? उपास तो उपास. अन् तसंच की गं. आमच्यात उपासाला कुणी इचारलं जेवलीस का, तर न्हाई म्हणायचं, रताळ्याची टोपली संपली असली तरी. मला त्यात खोट दिसलीच न्हाई.

झालं, अंग उतरायचं थांबलं. मग वाढाय लागलं. भाकरीला शिवत न्हाई, भात तोंडात न्हाई, आठवड्यातलं तीन दिवस तर उपास, अन् चोळी घट्ट. मी रडायची. आक्का पाठीवरनं हात फिरवायची.

दसऱ्याच्या आधी परत साताऱ्याला गेलो. त्या दिवशी आक्काला माहेरी द्यायला कंदी पेढं घ्यायचं हुतं, ती म्हणाली तू बस, मी पेठेत जाऊन येते. डाक्टरनं मला काट्यावर चढवलं अन् कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्याकडं येक नर्सबाई हुती, वयस्कर, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, डाक्टर, तुमचं हे बंद करा, ते बंद करा ह्या बाईला कसं जमंल? हिच्या घरात भाकरीच मुख्य. हिला समदं खाऊ द्या, पण मोजून. खाणं म्हंजे चुलीतलं जळण, जळंल तेवढंच घालायचं. अर्धी भाकर घातली तर किती जळण, वाटीभर भात किती, चमचा तेल किती, हे मी कागदावर देते. डाक्टर म्हणाले, वाटी घेऊन कोण बसंल रानात? बंद म्हणलं की बंद, त्यात हिशोब नगं, भूक बी मरती. नर्स म्हणाली, अन् जिभंचं काय? असं माज्या अंगावरनं त्या दोघांचं वाजलं, मी मधी काट्यावर उभी.

मग नर्स माज्याकडं वळली, म्हणाली, सांग, कालच्या दिवसात काय काय खाल्लं. मी म्हणलं, काल काहीच न्हाई, काल एकादस हुती. ती म्हणाली, काहीच न्हाई? मी म्हणलं, उपासाचं तेवढं. काय उपासाचं, तर मी सांगत गेले, दोन रताळी, न्हाई तीन, वरीचा भात दोन येळा, आमटी, चार केळी, तांब्याभर दूध, लाडू. नर्सनं पेन खाली ठेवलं. डाक्टर म्हणाले,

बाई, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं. भाकरीच्या आधी उपासाचे जिन्नस बंद करा, रताळी, वरी, केळी, दाण्याची आमटी. तुमच्या जावेला दोनदा सांगितलं. तिनं परत म्हणून दाखवलं मला.

नर्सनं मला हाताला धरून काट्यावरनं उतरवलं.

आक्का पेढं घेऊन आली. मोटारीत माज्या शेजारी बसली, मला खिडकी दिली, वारं लागू दे म्हणाली. मी मनाला म्हणलं, इसरली असंल. डाक्टरला म्हणून दाखवलं, तरी इसरली असंल. माणसाला इश्वास सोडाय बी येळ लागतो बघ.

घरी येऊन मी नर्सचा मार्ग धरला. कागद वाचता येत नव्हता, पण तिनं वाटी, भाकर, चमचा अशी चित्रं काढून दिली हुती, अन् म्होरं रेघा. दिवसाला एवढ्या रेघा, त्येच्या वर न्हाई. उपासाच्या दिवशी बी रेघा. निम्मी भाकर खायची, मुठीएवढा भात, आमटी पातळ. भूक लागायची, डाक्टरच्या खाण्यात लागत नव्हती तेवढी लागायची, पण ताटात भाकर दिसायची, मी घरातल्या माणसांसारखी जेवायची. आक्का लाडू आणायची, मी पदरात घ्यायची अन् बैलाला घालायची. दोन्ही वाटा मी चाललेय म्हणून सांगते, लोकं मला अजून इचारत्यात, दोन्हींनं अंग उतरतं. बंद करायच्यानं लवकर उतरतं अन् मन रुसतं, मोजायच्यानं सावकाश उतरतं अन् दिवसभर पोट आठवण करतं. पण सांगणाऱ्यानं पुरतं सांगावं. अर्धं सांगितलं की कुठलीच वाट पोचत न्हाई.

लढाई थांबली. हंगाम संपला, काटा उतरवायचा दिवस आला. मी पारड्यात बसले. गड्यांनी येक ढेप ठेवली, दुसरी ठेवली, अन् पारडं माजं वर गेलं गं. दोन ढेपी मला जड झाल्या. समद्यांनी बघितलं. मी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघितलं, तर त्या नारळाच्या शेंड्या येचत हुत्या.

आठव्या दिवशी हे आले. मला बघून म्हणाले, तू बारीक कशापायी झालीस, आजारी हुतीस का? त्येना ढेपींचं कायबी म्हाईत नव्हतं. त्येना एवढंच म्हाईत हुतं, का साताऱ्याच्या डाक्टरनं सांगितलं, हिला कवाच पोर हुणार न्हाई. तसं पत्र गेलं हुतं. अन् त्येनी परतीच्या पत्रात दुसऱ्या लग्नाला व्हय म्हणून टाकलं हुतं, दसऱ्याच्या आधीच. पोरगी आक्काची धाकटी बहीण. साताऱ्याचं पेढं घेतलं ते तिच्या सुपारीला.

पत्र कुणी लिवलं, मी इचारलं न्हाई. त्या घरात लिवता येणारं बाईमाणूस येकच हुतं. मी ह्यांना म्हणलं, डाक्टरनं असं सांगितलं न्हाई, चला माज्यासंगं, इचारा. त्येनी बुटाची वादी सोडली, परत बांधली. म्हणाले, आता शब्द गेलाय. आत्याबाईंना म्हणलं, तुमी भंडारा उचलला हुता. त्या म्हणाल्या, तू उतरशील असं आक्का म्हणाली नव्हती.

सवत आली. सतरा वर्सांची पोर, तिचा काय दोष, माज्या मागं मागं हिंडायची. दोन वर्सं त्या घरात काढली अन् तिला लेक झाला त्या म्हैन्यात मी भावाकडं, हितं वर आले. हाकललं न्हाई कुणी. थांब बी कुणी म्हणलं न्हाई. हितं आल्यावर भाच्याच्या पाटीवर अक्षरं गिरवली, कुणी शिकवलं न्हाई, माजी मीच. म्हणलं आता आपलं कुणी दुसऱ्यानं वाचायला नगं.

गेल्या साली आक्काचा सांगावा आला, लय आजारी हाय, येकदा येऊन जा. भाऊ नगं म्हणत हुता. मी गेले. तिचं अंग पार चिपाड झालेलं. घरातल्या समद्यांना तिनं भाईर काढलं, दार लावाय सांगितलं, माजा हात धरला. मला वाटलं आता बोलंल. एवढी वर्सं मी त्येच येका बोलण्याची वाट बघत हुते, का मुद्दाम केलंस ते तू सांग, मी न्हाई भांडणार. अन् ती म्हणाली, यमे, जेवलीस का?

मी म्हणलं, व्हय आक्का, जेवले.

तिसऱ्या दिवशी ती गेली. तिनं इचारलं तवा मी सकाळपासनं उपाशी हुते, पाण्याचा घोट बी न्हाई. तिला खोटं का सांगितलं, मलाच ठावं न्हाई.

मिटव आता वही. असं वर्सांनी येत जाऊ नगंस, मी काय लय दिसाची न्हाई. मेढ्यापतूर यष्टी हाय, तिथनं माळाची वाट धर, वढा उतरलीस की आमचीच कौलं दिसत्यात. आवस झाली की ये. लौकर ये बाय.