धवला अर्ध्यावर सुटत नाय

प्रेझेंटेशनमध्ये ऑडिओ टाकणार असाल, तर आधी माझ्या आईचं ऐका. एम.ए.ला माझा विषय होता धवले, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत विधी चालू असताना म्हणायची गाणी. आई स्वतः धवलारीण, पनवेलच्या गावागावांतून तिला मानानं बोलावतात. तिचाच आवाज स्लाइडवर घातला होता.

कॉलेजात पेनड्राइव्ह लावला, क्लिक केलं, तर फाइल सापडेना. ती घरच्या लॅपटॉपवरच राहिलेली! सर म्हणाले, "असू दे, पुढची स्लाइड घे."

माझं प्रेझेंटेशन बघायला आलेली आई मागच्या बाकावरून उठली. "मी हाय ना हितं!" आणि तिनं खणखणीत आवाज लावला.

मध्येच सरांनी उभं राहून घड्याळ दाखवलं. आईनं गाता गाताच हाताच्या खुणेनं त्यांना खाली बसवलं. धवला संपला तेव्हा म्हणाली, "सर, लागला धवला की अर्ध्यावर सोडत नाय."

मग माझ्याकडे वळली, "हां, आता घे तुजी पुढची!"