पहिला वार तोंडाने

...आणि म्हणे पहिला वार तोंडाने करायचा! तुम्हाला सांगतो, आमची सूनबाई बायकांना स्वसंरक्षण शिकवते, मला वाटलं म्हाताऱ्याला एखादा गुद्दा तरी शिकवेल... कसलं काय! "बाबा, हात छातीपुढे, तळवे उघडे, आवाज खाली. समोरच्याला जायला वाट ठेवा. आणि सरळ माफ करा म्हणा." मी अन् माफी? नाक फुटलं तर फुटू दे, पण हे शब्द उभ्या जन्मात तोंडातून निघाले नाहीत!

तर काल माझ्या शिलाईच्या दुकानात एक कपाटं वाहणारा गडी आला. एकटा कपाट उचलतो, दंड माझ्या मांडीएवढे. मी शिवलेली पँट घालूनच आला, आणि पँट कुठे? घोट्याच्या वर वीतभर! उद्या मुलाखतीला हीच घालू का, विचारतोय. चूक माझीच हो, पण मी अन् माफी? म्हणालो, "तूच वाढलास." चाळिशीचा माणूस तो! झाला लालबुंद, मशीनवरची कात्रीच उचलली... आणि माझ्या ध्यानात आलं, अरे, दारात तर मीच आडवा! हा जाणार कुठून, माझ्या अंगावरूनच ना? सरकलो बाजूला, मशीन दोघांच्या मध्ये राहील असा उभा राहिलो, हात छातीपुढे, तळवे उघडे, आणि दाढ उपटावी तसं निघालं, "माफ कर बाबा. चूक माझी. संध्याकाळपर्यंत दुसरी शिवून देतो."

गडी थबकला. कात्री हातात कशी आली याचं त्यालाच नवल. ठेवली खाली. "एवढंच आधी म्हणायचं होतं, काका." आणि गेला की निघून! नाक जागेवर, दात जागेवर, मी असा खूश, नाचायचाच बाकी होतो...

वळून बघतो तर बायको. आतल्या खोलीत काजं करत बसलेली, ती सुई हातात घेऊन बाहेर आलेली. सगळं ऐकलं होतं तिने. शांतपणे म्हणाली, "अहो, येतं की तुम्हाला."

बस, मग स्टूल ओढून बसली आणि लग्नापासूनचं एकेक काढायला लागली. मी अन् माफी? कालपासून मागतोय हो, सुनेने सांगितलं तसा आवाज खाली ठेवून... आणि तुम्हाला सांगतो, अजून आम्ही पहिल्याच वर्षात आहोत.