डाव्या बाजूचा कीबोर्ड

जन्म माझा लालबागच्या चाळीतला, वडील गिरणीत आणि संध्याकाळी भजनात पेटीवर, तिकडनंच लागलं हे. पुढं दादरला आल्फ्रेडच्या वडिलांकडे व्हायोलिन शिकलो, नोटेशन लिहायला शिकलो, तो आल्फ्रेड अजून आमच्याकडे व्हायोलिनच्या पयल्या खुर्चीवर आहे. शिपायाची नोकरी करता करता म्युझिक बांधायचो, शब्द नाय काय नाय, नुसती वाद्यं. लोक बोलायचे गाण्याशिवाय कोण ऐकणार, पण ऐकलं हो लोकांनी. चाळीस वर्षं झाली वादकांसमोर उभा राहून हात उचलतोय, हात वर गेला की पोरांनी वाजवायला लागायचं.

काय सांगू तुम्हाला, गेल्या वर्षी माझा डावा कान गेला. बायकोला, मंदाला, तेवढं ठाऊक, ती त्या बाजूनं हाक मारायची आणि मी आपला पेपर वाचतोय. ती बोलली पोरांना सांगून टाका, मी बोललो येडी आहेस काय, बहिऱ्याला कोण हात उचलू देईल. भीती वाटायची हो, खरंच वाटायची.

आता आमची रीत कशी, हात उचलायच्या आधी कीबोर्डवाल्याकडे सा मागायचा, सगळ्यांनी त्याला जुळवून घ्यायचं. कीबोर्डवाला नीलेश बसायचा माझ्या डावीकडे. तो सा देणार आणि मला कळणार नाय, पोरं माझ्या तोंडाकडे बघणार, म्हणून मी सा मागणंच बंद केलं. बोललो, वेळ जातो.

मग गेल्या रविवारी दुपारी दादरला कार्यक्रम. मध्यंतराआधी आमच्या गायिकेचं, सुषमाचं, गाणं, बायकांची पट्टी वेगळी, तर नीलेशनं बटण दाबून पट्टी चढवलेली आणि परत उतरवायची राहिली. मध्यंतरानंतर माझं स्वतःचं म्युझिक. सा न मागताच मी हात उचलला. उजवीकडे ढोलकी, ड्रम, मला त्यांचाच दणका, मी आपला रंगात. मग बघतो तर पयल्या रांगेतल्या बाईनं तोंड वाकडं केलंय, सुषमा विंगेतनं हात हलवतेय, नीलेश घामाघूम, आणि आल्फ्रेडनं वाजवायचं थांबवून व्हायोलिनचा बो मांडीवर ठेवलेला, नुसता माझ्याकडे बघतोय.

मी मूठ आवळली. सगळं बंद. भरलेलं थेटर माझ्याकडे बघतंय. वाटलं आता उतरावं आणि सरळ घरी जावं. पण गेलो नीलेशपाशी, बोललो, सा दे, आणि सगळ्यांसमोर वाकून उजवा कान स्पीकरला लावला. झालं, कळलं सगळ्यांना. पट्टी उतरवली, परत पयल्यापासून वाजवलं, टाळ्या पण झाल्या, मला त्या एकाच बाजूनं ऐकू आल्या.

गुरुवारी तालमीला जातच नव्हतो, मंदानं ढकलून पाठवलं. जाऊन बघतो तर ड्रम डावीकडे गेलेले आणि कीबोर्ड माझ्या उजव्या हाताला. आल्फ्रेड खाली मान घालून बो पुसत बसलेला. भलं होवो त्या पोरांचं. उजवीकडे वळलो नि बोललो, नीलेश, सा दे बाबा.