बुधवारचं अ‍ॅव्हरेज

— नाही नाही, आधी तो मागचा फाळका वर करा, मग काय ते बोलू. फाळका पाडलेली पिकप माझ्या अंगणात उभी राहिलेली मला बघवत नाही. मोडलाय का? नाही ना? मग पाडला कशाला? वारा आरपार जावा म्हणून? हं — वाटलंच. खरं सांगा, तुम्हाला ऑरव्हिल डाइन्सने पाठवलंय का? नाही म्हणता? मग तिकडचा, ग्रेट बेंड गावचा माणूस सकाळी सकाळी माझ्या शेडपर्यंत कसा काय पोचला? बरं, राहू द्या, सांगाल सावकाश. लायल उनरू मीच. जत्रेत माझी पिकप बघितली असेल तुम्ही. तेव्हापासून येतातच लोक, लायल, आमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवून दे म्हणत. बसा त्या टायरवर. बसा हो, तो काही चावत नाही.

हे बघा. फाळका वर असला की केबिनवरून आलेला वारा हौद्यात उतरतो आणि तिथल्या तिथे गरगर फिरतो — त्या फिरत्या हवेचीच एक गादी तयार होते. मागून येणारा वारा मग त्या गादीवरून सुळकन निघून जातो. फाळका पाडलात की गादी फुटली, आणि तोच वारा गाडीला मागून धरून ओढायला लागतो. अख्खा जन्म कॅन्ससमध्ये गेला तरी लोकांना वारा कळत नाही, याला काय म्हणायचं? आणि हौद्यावर झाकण घातलंत तर मग बघायलाच नको. हे झाकण मी घरी केलंय, पत्र्याचं. बंपरखाली ही रबरी पट्टी — पोटाखाली वारा शिरायलाच नको. इंजिनापुढच्या जाळीच्या फटी फोमने बुजवल्या. उजवीकडचा आरसा काढून टाकला, उगाच कान पसरल्यासारखा वारा अडवायचा. डोरीन, म्हणजे माझी बायको, कुरकुरली, मागचं दिसत नाही म्हणे. म्हटलं, मागचं कशाला बघतेस, पुढे बघ की! पण बायकांना कुठे पटतं. ऑगस्टात काचा बंद, एसी बंद, तर ही रुमालाने वारा घेत बसायची. काच उघडली की अ‍ॅव्हरेज पडलंच. घाम काय, पुसता येतो.

तिची बहीण मार्नेल तुमच्या ग्रेट बेंडलाच असते. तिचा नवरा वारला तेव्हा आम्ही निघालो, तर पूर्वेचा वारा, अगदी तोंडावर. म्हटलं, याच्याशी मारामारी नाही करायची. काटा पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. मागून लोक भोंगे वाजवतायत, डोरीन म्हणतेय लायल जरा दाब, जरा दाब — पण मी दाबतोय होय! पोचलो तोवर माती लोटून झाली होती, मंडळी चर्चच्या तळघरात सँडविचं खात होती. पण अ‍ॅव्हरेज किती? गॅलनला सव्वीस मैल! एवढ्या वाऱ्यात! मी तिथेच सांगितलं सगळ्यांना. डोरीन तेवढ्यात मार्नेलपाशी जाऊन बसली. — काय? मार्नेलला ओळखता? असेल, गाव केवढंसं ते.

थांबा, मध्ये बोलू नका, मुद्द्याचं आता येतंय. तुम्ही परके आहात म्हणून सांगतो, गावात नाही बोलत मी हे. डोरीन बुधवारी पिकप घेऊन बहिणीकडे जाते. बिचारी एकटी पडलीये, मी कधी अडवलं नाही. पूर्वी जाऊन आली की अ‍ॅव्हरेज चोवीसच्या खाली नसायचं — मीच शिकवलंय ना तिला. पण गेल्या वसंतापासून बुधवार आला की एकोणीस. अठरासुद्धा! मंगळवारी ठीक, गुरुवारी ठीक, बुधवारीच कशाने घसरतं? वारा म्हणाल, तर जाताना नडतो तो येताना ढकलतो. टायरची हवा बघितली. बरोबर. मग मी झाकणाच्या कड्या बघितल्या, तर उलट्या लावलेल्या! म्हणजे झाकण काढलं होतं, कळलं का? आणि फाळक्याच्या बिजागरीत बाहेरची लाल धूळ. म्हणजे फाळकाही पाडला होता. हौद्यात काहीतरी उंच उभं होतं, केबिनच्याही वर गेलेलं, त्याशिवाय पाच मैलांचा फरक पडत नाही. गाडीतली अ‍ॅव्हरेजची स्क्रीन कधी खोटं बोलत नाही राव, माणसं बोलतात.

तिला विचारलं का? छे! असं विचारायचं नसतं, माणूस सावध होतो. मी गप्प राहून लक्ष ठेवलं. आणि एका रात्री जेवताना, बटाटे वाढता वाढता, ही काय म्हणावी — ‘ऑरव्हिल म्हणतो, फाळका पाडला की पेट्रोल वाचतं.’ मी काटा खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी एका शब्दाने हिने वाऱ्याचं नाव काढलं नाही, आणि आज हिच्या तोंडी फाळका! तोही ऑरव्हिलचा! हा ऑरव्हिल चर्चमध्ये गाणी बसवतो, डोरीन गाते तिथे. ताडासारखा उंच, बायको वारलेली, आणि लेकाचा कायम फाळका पाडून हिंडतो. मग मी म्हटलं, बरोब्बर. त्याचंच काहीतरी हौद्यात घालून नेते ही. त्याचं सामान. कुठेतरी बिऱ्हाड थाटताहेत दोघं. तुम्हीच सांगा, दुसरं काय असणार?

त्यात ती हल्ली आनंदात असते, हेही मी टिपलंय. भांडी घासताना गुणगुणते. घरही कसं हलकं केलंय तिने, मोकळं मोकळं. पूर्वी आमच्या बैठकीत वारा कोंडायचा. आता पुढचं दार उघडलं की झुळूक जी शिरते ती सरळ मागच्या अंगणात! मध्ये कुठे म्हणून अडत नाही. बोललं की आवाजसुद्धा घुमतो छान. मी तिला म्हटलंही, डोरीन, घराला हवा खेळती झाली बघ, तुला अखेर कळायला लागलं वाऱ्यातलं. तर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘तुला एवढंच दिसलं का लायल?’ म्हटलं, दिसत नाही गं, जाणवतं ते, वारा दिसतो का कुणाला!

पण आज गंमत झाली. बुधवार असून पिकप नेलीच नाही! मार्नेल येऊन घेऊन गेली तिला. बघितलंत? चोराच्या मनात चांदणं. मी काल तिच्यादेखत कड्यांना तेल घातलं, ती समजायचं ते समजली. आता तो ऑरव्हिल कशात घालून नेतो त्याचं बिऱ्हाड ते बघू. आता काय हलवणार ती? काही हलवायचं उरलं नाही तिला. — हसू नका. हसला नाहीत? मग तोंड असं का केलंत? मघापासून बघतोय, गाडीकडे तुमचं लक्षच नाही, सारखे घराकडे बघताय. कोण तुम्ही?

मार्नेलचे शेजारी. बरं. मग?

डोरीनने पाठवलं? तुम्हाला? कशाला? — शिवणाचं मशीन? टेबलासकट? ते कशाला हवंय तिला तिकडे, इथे काय शिवत नव्हती — आज मार्नेलच्या गाडीत मावेना म्हणून राहिलं? राहिलं म्हणजे? बाकीचं काय...

कपाट. हो, तिच्या आईचं होतं ते. दोन दारांच्या मध्येच उभं असायचं.

आणि खुर्च्या.

नाही, थांबा, जरा थांबा. मला एवढंच सांगा, ऑरव्हिल कुठे राहतो आता? तिकडेच ना, तिच्याबरोबर? — नाही? इथेच, गावात? आणि तिच्याबरोबर कोण? मार्नेल. ते हो, पण पुरुष कोण? अहो, असेल कोणीतरी, तुम्हाला ठाऊक नसेल. शेजारी आहात ना, नीट आठवा, एखादी गाडी येत असेल, संध्याकाळी, रविवारी... नाही? कोणीच नाही?

मग कुणासाठी गेली?

कुणासाठीच नाही. नुसतीच गेली. — कोणीतरी असता तर बरं झालं असतं हो. त्याच्याशी भांडलो तरी असतो मी. आता कुणाशी भांडू?

काही निरोप दिलाय का तिने? माझ्यासाठी? आठवून बघा. मशीन तेवढं आणा, एवढंच? जेवणाखाण्याचं काही, औषधाचं? नाही. बरं.

मशीन आतल्या खोलीत, खिडकीपाशी. असेल. मला काय माहीत, असेल तिथेच. नाही, मी येत नाही आत. उचलायला एकटे पुरणार नाही हे कळतंय मला, पण मी आत येणार नाही. आत काय काय नाहीये ते आज नाही बघायचं मला. ओढत आणा, घासू द्या जमीन. दार उघडंच आहे. जा. जा म्हटलं ना.